ब्रेकचा भार पेलणारी पत्र्याची भिंत

संगणकाच्या प्रसारामुळे ‘फायरवॉल’ हा शब्द आज घरोघरी पोहोचला असला, तरी मोटारींच्या जगात तो त्याच्या कितीतरी आधीपासून रूढ आहे. इंजिन आणि प्रवासी बसतात तो कक्ष या दोहोंच्या मध्ये उभी असलेली पोलादी पत्र्याची भिंत म्हणजे मोटारीची फायरवॉल. ब्रिटनमध्ये तिलाच ‘बल्कहेड’ म्हणतात. इंजिनाच्या बाजूची आग, उष्णता, धूर आणि पेट्रोलचा वास प्रवाशांपर्यंत येऊ न देणे हे तिचे नावावरूनच कळणारे काम. बहुसंख्य मोटारींत ती दुसरेही एक काम मुकाट्याने करीत असते. चालक ब्रेकचे पेडल दाबतो तेव्हा त्या दाबाला विरोध करणारा आधार हीच भिंत पुरवते, कारण ब्रेकचा मास्टर सिलिंडर तिच्यावरच बसविलेला असतो.

कारखान्यात या कामासाठीच घडविलेली भिंत हा भार सहज पेलते. प्रश्न उभा राहतो तो जुन्या मोटारींचा. ज्या गाडीत मास्टर सिलिंडर मुळात अन्यत्र होता, त्या गाडीत तो हौसेने किंवा सुरक्षिततेसाठी फायरवॉलवर आणला, तर जिच्याकडून असल्या भाराची कधी अपेक्षाच नव्हती त्या भिंतीवर तो येऊन पडतो. अशा वेळी तिला बळकटी कशी द्यावी, किती द्यावी आणि कोठे द्यावी, हा जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीतील एक महत्त्वाचा विषय आहे.

मॉरिस मायनरचे उदाहरण

या विषयाचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रिटनची मॉरिस मायनर. सर ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही छोटी मोटार १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. उत्पादनाचा १० लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. १९७०-७१ मध्ये तिचे उत्पादन थांबेपर्यंत सुमारे १६ लाख गाड्या बनल्या होत्या. भारतातही तिची ओळख जुनी आहे. हिंदुस्थान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने हीच गाडी येथील रस्त्यांवर आणली होती.

मायनरला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा. तिचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायांखाली, जमिनीच्या पत्र्याखालच्या पोलादी पेटीसारख्या भागात बसविलेला असतो. ब्रेक ऑइलची पातळी पाहायची तर गालिचा उचलून जमिनीतील झाकण काढावे लागते. रस्त्यावरचे पाणी आणि चिखल थेट त्या जागी पोहोचत असल्याने गंज चढतो. सिलिंडर बाहेर काढणे ही तर मेकॅनिकची परीक्षाच असते, कारण त्याचे बोल्ट बाहेर येण्याच्या वाटेत पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार आडवा येतो. शिवाय ही ब्रेकव्यवस्था एकपदरी आहे. चारही चाकांना एकाच सिलिंडरमधून, एकाच जोडलेल्या मार्गाने दाब मिळतो. एखादी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि चालकाच्या हाती केवळ हॅण्डब्रेक उरतो.

सिलिंडर हलविण्याची कारणे

मूळ गाडीचे इंजिन १९४८ मध्ये ९१८ सीसीचे होते. १९६२ मध्ये ते १,०९८ सीसीपर्यंत पोहोचले आणि त्याच वेळी पुढच्या चाकांचे ब्रेक ड्रम सात इंचांवरून आठ इंचांचे झाले. आज अनेक हौशी मालक याच कुळातील १,२७५ सीसीचे इंजिन बसवितात. वेग वाढला की ब्रेकही सुधारावे लागतात आणि मग पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक येतात.

डिस्क ब्रेकचा स्वभाव ड्रमपेक्षा वेगळा असतो. फिरता ड्रम ब्रेकच्या शूला आपल्यासोबत ओढून आणखी घट्ट दाबतो, त्यामुळे चालकाच्या पायाला आयती मदत मिळते. डिस्कमध्ये अशी मदत नसते. तिला तेलाचा दाब अधिक लागतो आणि मोठ्या पिस्टनमुळे तेलही अधिक लागते. म्हणजे सिलिंडर बदलावा लागतो आणि बहुधा निर्वात बूस्टरचीही गरज पडते. हे सारे जमिनीखालच्या अरुंद पेटीत मावत नाही.

दोनपदरी मास्टर सिलिंडर हे दुसरे कारण. त्यात एकाच नळकांड्यात दोन पिस्टन आणि तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा निदान दोन चाके रोखून धरतो. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना अशी विभागलेली ब्रेकव्यवस्था सक्तीची केली. मायनरला मात्र ती उत्पादन थांबेपर्यंत मिळाली नाही. तिसरे कारण उंचीचे आहे. सिलिंडर चाकांवरील ब्रेकपेक्षा खाली असला, तर तेल मागे ओघळू नये म्हणून नळीत थोडा दाब राखणारी वेगळी झडप बसवावी लागते. सिलिंडर वर आला की डिस्कच्या नळीत तिची आवश्यकता सहसा उरत नाही, आणि तेलाची पातळी बॉनेट उघडताच नजरेस पडते.

पायाचा भार किती पटींनी वाढतो?

ब्रेकचे पेडल ही एक तरफ आहे. वरून लटकणाऱ्या पेडलचा टेकू सर्वांत वर, पाय ठेवण्याची पट्टी सर्वांत खाली आणि सिलिंडरला ढकलणारा पुशरॉड मध्ये, टेकूच्या जवळ असतो. टेकूपासून पट्टी ३०० मि.मी. आणि पुशरॉड ५० मि.मी. अंतरावर असेल, तर गुणोत्तर सहास एक होते. बूस्टर नसलेल्या गाडीत साधारण सहापट आणि बूस्टर असलेल्या गाडीत साधारण चौपट गुणोत्तर ठेवण्याची पद्धत आहे.

ब्रेकच्या चाचण्यांसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘१३-एच’ या नियमावलीत मोटारीच्या पेडलवरील पायाच्या बलाची कमाल मर्यादा ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलो धरलेली आहे. सहापट गुणोत्तराने पुशरॉडवर ३०० किलोंचा भार येतो. पाऊण इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्यातून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०५ किलो दाब निर्माण होतो. सात अष्टमांश इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये तोच भार सुमारे ७७ किलो दाब देतो. मोठा सिलिंडर तेल अधिक ढकलतो, परंतु दाब कमी देतो. व्यासाची निवड या दोन गोष्टींचा मेळ घालून करावी लागते.

सिलिंडर कोणत्याही व्यासाचा असला तरी त्याच्या बुडाशी असलेल्या भिंतीला ते ३०० किलो सोसावेच लागतात. रस्त्यावर अचानक कोणी आडवे आले की चालक चाचणीच्या मर्यादेत राहून पाय दाबत नाही. जिवाच्या आकांताने दाबलेले पेडल १०० किलोंचा भार घेऊ शकते आणि तेव्हा भिंतीवर ६०० किलो येतात. भिंतीची जाडी मात्र साधारण एक मिलिमीटर असते.

दोन बले, दोन दिशा

येथवरचा हिशेब ऐकून बहुतेकांचा कल जाड प्लेट जोडण्याकडे वळतो. तो उपाय अपुरा आहे, कारण हिशेबाचा अर्धा भाग अजून बाकी आहे. पुशरॉड सिलिंडरला ३०० किलोंनी पुढे, इंजिनाच्या दिशेने ढकलतो. त्याच वेळी पेडलचा वरचा टेकू उलट दिशेने, चालकाकडे ढकलला जातो आणि त्याच्यावर २५० किलो येतात. पायाने दिलेले ५० किलो हाच या दोहोंमधील फरक.

समजा, सिलिंडर फायरवॉलवर एकटाच बसविला आणि पेडलचा टेकू डॅशबोर्डखालच्या निराळ्या ब्रॅकेटवर किंवा मूळच्या जमिनीखालच्या पेटीत ठेवला. मग एका ठिकाणचा पत्रा ३०० किलोंनी पुढे फुगतो, दुसऱ्या ठिकाणचा भाग २५० किलोंनी मागे रेटला जातो, आणि ही दोन बले एकमेकांना भेटण्यासाठी गाडीच्या साऱ्या शरीरातून लांबचा फेरा घेतात. वाटेतला प्रत्येक सांधा त्यामुळे थोडाथोडा वाकतो.

याउलट, टेकू आणि सिलिंडर या दोहोंना धरून ठेवणारी एकच मजबूत चौकट केली, तर ३०० आणि २५० किलोंची बले त्या चौकटीतच एकमेकांना अडवितात. फायरवॉलपर्यंत पोहोचतो तो केवळ पायाचा ५० किलोंचा भार, म्हणजे मूळच्या एक षष्ठांश. या चौकटीला ‘पेडल बॉक्स’ म्हणतात. फायरवॉलच्या बळकटीकरणाचे पहिले सूत्र हेच आहे: भिंत जाड करण्याआधी तिच्यावरचा भार कमी करावा.

तरीही भिंतीचे काम संपत नाही. उरलेले ५० किलो पायाच्या उंचीवर, सिलिंडरच्या पुष्कळ खाली लागू होतात. त्यामुळे साऱ्या चौकटीला पीळ बसतो आणि तिचा एक भाग भिंतीला दाबतो, तर दुसरा तिला ओढतो. म्हणूनच चौकटीचे बोल्ट शक्य तितके दूरदूर असावेत. चौकटीच्या मागच्या टोकापासून डॅशबोर्डखालच्या आडव्या पोलादी पट्टीपर्यंत एक आधारदांडा दिल्यास हा पीळ बऱ्याच अंशी नाहीसा होतो.

वाकणारी भिंत काय हिरावून घेते?

भिंत फाटून सिलिंडर निखळेल, ही भीती अनाठायी नाही. पण त्याच्या कितीतरी आधी भिंत वाकू लागते आणि तिचे दुष्परिणाम सुरू होतात. सिलिंडर बसविलेला पत्रा भाराखाली दोन मिलिमीटर पुढे सरकला, तर सहापट गुणोत्तराने पेडलचे १२ मि.मी. अंतर वाया जाते. पेडलचा एकूण प्रवास १५० मि.मी. मानला, तर पुशरॉडच्या वाट्याला जेमतेम २५ मि.मी. येतात. त्यातले दोन गमावणे ही सुखाची गोष्ट नव्हे. तेलाचा एक मार्ग फुटला असताना दोनपदरी सिलिंडरच्या पिस्टनला अधिक अंतर जावे लागते. ज्या प्रसंगासाठी दोनपदरी सिलिंडर बसविला, नेमक्या त्याच प्रसंगी वाकणारी भिंत ते अंतर खाऊन टाकते.

दुसरा परिणाम नळ्यांवर होतो. सिलिंडरला जोडलेली पोलादी नळी केवळ ४.७५ मि.मी. व्यासाची असते. प्रत्येक ब्रेकसरशी सिलिंडर हलत राहिला, तर नळी सांध्यापाशी वाकत राहते. तार वारंवार वाकविली की तुटते, तशीच ही नळी एके दिवशी तडकते. यासाठी सिलिंडरजवळ नळीला एक-दोन वळसे द्यावेत. किरकोळ हालचाल ते झेलतात.

तिसरा परिणाम म्हणजे थकव्याने पडणारी चीर. शहरातील वाहतुकीत ब्रेक दिवसातून शेकडो वेळा दाबला जातो. एकदा सहज सोसलेला ताण लाख वेळा सोसावा लागला, की पत्र्याला बोल्टच्या भोकापासून किंवा वेल्डिंगच्या कडेपासून केसाएवढी चीर पडते आणि हळूहळू वाढते. येथे बोल्टचा दोष क्वचितच असतो. ८.८ प्रतीचा आठ मि.मी.चा एकच बोल्ट दोन हजार किलोंपर्यंतची ओढ न वाढता सोसतो. बोल्ट टिकतो आणि त्याच्याभोवतीचा पत्रा फाटतो.

बळकटीची रीत

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एक मि.मी.च्या जागी तीन मि.मी. जाडीचा अखंड पत्रा घेतला, तर तो २७ पट ताठ होतो. पण एक मि.मी.च्या भिंतीवर दोन मि.मी.ची प्लेट नुसती ठेवून मधोमध बोल्टने आवळली, तर दोन्ही थर आपापल्या परीने वाकतात आणि ताठपणा सुमारे नऊ पटच होतो. दोन्ही थर एकजीव व्हावेत म्हणून प्लेट कडेने टप्प्याटप्प्याने वेल्ड करावी आणि मधल्या भागातही ठिकठिकाणी भोके पाडून ती वेल्डिंगने भरून घ्यावीत.

प्लेटचा विस्तार हा जाडीइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. भिंतीच्या मधोमध तळहाताएवढी जाड प्लेट लावली, तर वाकण्याची जागा फक्त बदलते. पत्रा आता प्लेटच्या कडेशी बिजागरीसारखा वाकतो आणि चीरही तेथेच पडते. म्हणून प्लेट भिंतीच्या मूळच्या घड्या, पन्हळी किंवा कोपरे यांच्यापर्यंत न्यावी, कारण घडी पडलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा कितीतरी ताठ असतो. प्लेटचे कोपरे गोलाकार ठेवावेत. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो. प्लेटच्या एक-दोन कडा काटकोनात दुमडल्या, तर कमी जाडीतही भरपूर ताठपणा मिळतो.

जेथे भिंत दोन पत्र्यांची आणि मध्ये पोकळ असते, तेथे बोल्ट आवळताच पोकळी चेपते आणि काही दिवसांनी बोल्ट सैल पडतो. अशा जागी दोन पत्र्यांच्या मध्ये बोल्ट जाईल एवढ्या छिद्राची पोलादी नळी वेल्ड करावी. बोल्टचा दाब मग नळीवर येतो. एकेरी भिंतीत आतून आणि बाहेरून प्लेट देऊन पत्रा मध्ये धरणे उपयुक्त ठरते. सुटे छोटे वॉशर या कामाला पुरे पडत नाहीत.

कामाचा क्रम

आरंभ गंजाच्या तपासणीने करावा. मायनरमध्ये बॅटरी ठेवण्याचा कप्पा फायरवॉलवरच असतो. जुन्या बॅटरीतून सांडलेले आम्ल त्याच्या आसपासचा पत्रा खाऊन टाकते. रंग आणि सीलर खरवडून, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून पाहिल्याशिवाय त्याची खरी अवस्था समजत नाही. गंजलेल्या पत्र्यावर नवी प्लेट ठोकणे म्हणजे कुजलेल्या वाशावर नवे कौल चढविणे होय. कुजका भाग कापून तेथे नवा पत्रा बसविल्यावरच पुढचे काम हाती घ्यावे.

त्यानंतर जागेची निश्चिती. पेडलच्या संपूर्ण प्रवासात पुशरॉड सिलिंडरच्या अक्षाशी शक्य तितका सरळ राहिला पाहिजे. तो तिरका असला, तर पिस्टन एका बाजूला घासतो आणि सील लवकर झिजतात. स्टीअरिंगचा दांडा, वायपरची यंत्रणा, बॅटरीचा कप्पा आणि इंजिनाचा वरचा भाग यांपासून पुरेसे अंतर हवे. इंजिन रबरी आधारांवर हलते, हे ध्यानात ठेवून हे अंतर मोजावे. बूस्टर बसविणार असल्यास त्याचा घेरही आधीच तपासावा. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून तो जागेवर बसवून पाहिल्यास पुढचा मनस्ताप टळतो.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवून ठेवावी, डॅशबोर्डमागच्या तारा, गालिचे आणि ध्वनिरोधक थर दूर करावेत, आणि भिंतीच्या पलीकडे आग विझविण्याचे साधन घेऊन एक माणूस उभा करावा. पत्र्याच्या ज्या बाजूला वेल्डिंग चालू असते तिच्या पाठीमागे आग लागते आणि काम करणाऱ्याला ती दिसत नाही. पातळ पत्रा तापून वेडावाकडा होऊ नये म्हणून वेल्डिंग सलग न करता थोडे येथे, थोडे तेथे असे करावे. हे काम सराईत वेल्डरचेच आहे. वरून सुबक दिसणारे, पण आत न मुरलेले वेल्डिंग ब्रेकच्या आधाराला चालत नाही.

शेवटी जुनी रिकामी भोके वेल्डिंगने बुजवावीत, नव्या सांध्यांना सीलर लावावा आणि गंजरोधक रंग द्यावा. पुशरॉडसाठी पाडलेल्या भोकालाही रबरी आवरण आवश्यक आहे. भिंतीला बळकटी देताना तिचे आग आणि धूर अडविण्याचे मूळ काम विसरून चालणार नाही. ब्रेक ऑइल रंगाला मारक असते. सिलिंडरच्या खाली ते सांडल्यास लगेच पाण्याने धुऊन काढावे, अन्यथा रंग निघून उघड्या पत्र्याला गंज चढेल.

बूस्टरचा गैरसमज

बूस्टर आला की भिंतीवरचा भार अनेक पटींनी वाढतो, असा एक समज आहे. वास्तविक आठ इंच व्यासाचा निर्वात बूस्टर सुमारे २०० किलोंची भर घालतो, परंतु ही मदत त्याच्या डब्यातच निर्माण होते आणि त्याला जोडलेल्या सिलिंडरवरच संपते. भिंतीपर्यंत पोहोचतो तो पेडलच्या पुशरॉडचा भार, आणि बूस्टरमुळे चालक पेडल हलकेच दाबत असल्याने तो उलट कमीच असतो.

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. इंजिन बंद पडले किंवा निर्वाताची नळी निसटली, तर बूस्टरची मदत संपते आणि घाबरलेला चालक सर्व शक्तीनिशी पेडल दाबतो. भिंतीचा हिशेब याच प्रसंगासाठी करावा. दुसरे असे की, बूस्टर आणि सिलिंडर मिळून काही किलोंचे वजन भिंतीपासून पुढे लोंबकळत असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते सतत हिसके देते. म्हणून वरच्या बोल्टांभोवतीचा पत्रा विशेष काळजीने बळकट करावा लागतो.

चाचणी

काम पूर्ण झाल्यावर सिलिंडर आणि नळ्यांतील हवा नीट काढून घ्यावी. पेडल मऊ लागत असेल, तर त्याची कारणे दोन असू शकतात: तेलात राहिलेली हवा किंवा वाकणारी भिंत. दोहोंतील फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. पेडल भराभर दोन-तीनदा दाबल्यावर ते वर येऊन कडक होत असेल, तर बहुधा हवा राहिली आहे किंवा ब्रेकची जुळणी सैल आहे. ते दर वेळी तितकेच दबत असेल, तर भिंतीकडे संशयाने पाहावे.

इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण जोराने दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून सिलिंडरच्या हालचालीकडे लक्ष द्यावे. भिंतीशी संबंध नसलेल्या एखाद्या पक्क्या जागी डायल गेज बसविल्यास हालचाल मिलिमीटरच्या अंशांत मोजता येते. डोळ्यांना सहज दिसणारी हालचाल म्हणजे काम अपुरे राहिल्याची खूण. पेडल सोडल्यावर सिलिंडर मूळ जागी परतला नाही, तर पत्रा कायमचा वाकला आहे असे समजावे आणि गाडी रस्त्यावर काढू नये. त्यानंतर मोकळ्या, बंदिस्त जागेत कमी वेगात ब्रेकची परीक्षा घ्यावी. काही शे किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत. प्लेटच्या कडेने रंगाला गेलेला बारीक तडा हा खालच्या पत्र्याला पडणाऱ्या चिरेचा पहिला इशारा असतो.

कायदा आणि जबाबदारी

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि गेल्या ३० वर्षांत मोठे फेरफार न झालेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली आहे. गाडी रस्त्यावर चालविण्यास योग्य ठेवण्याची मालकाची कायदेशीर जबाबदारी मात्र कायम आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की घरच्या गॅरेजमध्ये हलविलेला मास्टर सिलिंडर कोणत्याही तज्ज्ञाच्या नजरेखालून न जाता वर्षानुवर्षे वापरात राहू शकतो.

भारतातील परिस्थिती वेगळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका अधोरेखित केली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडीच या वर्गात येते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही. एखाद्या घराण्याने जपलेल्या बेबी हिंदुस्थानच्या फायरवॉलला कापण्याआधी हा विचार करणे अगत्याचे आहे. तेथे मूळचीच व्यवस्था नव्या सीलांनी, नव्या नळ्यांनी आणि वेळच्या वेळी बदललेल्या ब्रेक ऑइलने सुस्थितीत ठेवणे हा अनेकदा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

जेथे बदल करणे कायद्याला धरून आणि गरजेचे असेल, तेथे त्याचे मोल नव्या सिलिंडरच्या किमतीवरून ठरवू नये. दुकानातून आणलेला सिलिंडर कारखान्यात तपासून आलेला असतो. त्याला आधार देणारा पत्रा मात्र कोणीच तपासलेला नसतो. चौकटीत पेडल आणि सिलिंडर यांना एकत्र बांधणे, उरलेला भार भिंतीच्या ताठ भागांपर्यंत पोहोचविणे आणि पूर्ण जोर लावून त्याची परीक्षा घेणे, या तीन गोष्टी झाल्याखेरीज ब्रेकची सुधारणा पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.